बाबांच्या डोळ्यातली बुरशी

करिष्माने लॅबमधल्या इन्क्युबेटरचं दार उघडलं. आतल्या काचेच्या ताटलीत तिच्या बाबांच्या डोळ्यातली बुरशी वाढत होती.

पोरगी नागपूरला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायला गेली, की कुहीकडच्या गावात ती डॉक्टरच होते! धानाच्या मळणीत बाबांच्या, रामाजींच्या, डोळ्यात कुसळ गेलं, तेव्हा आईने दवाखान्यात नेण्याऐवजी फोन तिलाच लावला.

"माह्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरले हायेत. टाकू का वं?"

करिष्मा मेसच्या रांगेत होती. "टाक ना," म्हणाली आणि ताट पुढे केलं. थेंबांत सूज आणि प्रतिकारशक्ती दोन्ही दाबणारं स्टेरॉइड होतं. दोन दिवस लाली ओसरली, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळालं. शेवटी बाबांना नागपूरच्या हॉस्पिटलात भरती करावं लागलं, आणि डोळ्यातला नमुना तिच्याच लॅबमध्ये आला.

ताटलीत औषधांच्या चार चकत्या होत्या. औषध लागू पडलं, की चकतीभोवती स्वच्छ कडं दिसतं. इथे तीन चकत्यांना बुरशी खेटून वाढली होती. चौथीभोवतीचं कडं असून नसल्यासारखं.

"फार चिवट आहे ही," तिच्या गाइड सोनिका मॅडम म्हणाल्या. "आधी डोळ्यात काय टाकलं होतं? फॉर्मवर 'काही नाही' लिहिलंय."

फॉर्म करिष्मानेच भरला होता, घाबरून.

"स्टेरॉइड," ती कशीबशी बोलली. "मीच सांगितलं होतं टाकायला."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी वॉर्डात चौथं औषध सुरू झालं. डोळ्याचं आठवडाभर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. करिष्माने खाटेशी बसून बाबांना सगळं सांगितलं.

"तू सांगतलं म्हून तं मी निर्धास्त होतो, माय," ते म्हणाले. मग त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "आता हे नवं औषध लागू पडन का?"

"मले माहीत नाही, बाबा."

घरी हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

दह्यातल्या जिवाणूंचा सोपा विषय तिने प्रबंधासाठी घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो सोडून तिने मॅडमकडे विषय म्हणून हीच बुरशी मागितली. कारण आदल्या दिवशी वॉर्डातून निघताना शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला बाबा सांगत होते, "माही पोरगीच पाहून राहिली ना गा. मले काही भेव नाही."