चिमणची अंगाई

माणसाने साठीला टेकल्यावर अंगाईसाठी हट्ट धरावा का? पण कुलूपवाल्याने धरला. बायको म्हणाली, "अहो, शेजारीपाजारी ऐकतील तर तोंडात बोटं घालतील!" तो किल्ली घासत राहिला.

त्यांच्या घरात अंगाई एकच, आजीने आईला दिलेली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी निजणाऱ्या बाळाचं नाव घालायचं. 'वारा दमला, दार दमलं, दमले तुझे पाय, चिमण.' चिमण म्हणजे कुलूपवाल्याचा थोरला भाऊ. तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला. आईने मांडीवर घेऊन अंगाई म्हटली, पोर झोपलं ते उठलंच नाही. पुढच्या वर्षी हा धाकटा जन्मला. आईने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, वेळप्रसंगी धपाटेही घातले. निजवलं मात्र मावशीने, तेही नुसतं थोपटून. अंगाईचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

आता आईची स्मरणशक्ती पार गेली होती. डॉक्टरांनीही हात टेकले होते. सून तिला कुणी पाहुणी वाटायची आणि मुलगा म्हणजे कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस. अन् एवढं सगळं विसरून बाईच्या ओठांवर काय परत यावं? तीच अंगाई! दिवसभर आपलं चिमण, चिमण. ऐकून धाकट्याच्या काळजाला घरं पडायची.

"आई, एकदाच माझं नाव घालून म्हण ना गं," तो विनवायचा.

"तुमचं काम झालं असेल तर निघा हं," ती म्हणायची.

एके दुपारी तिने रडून घर डोक्यावर घेतलं. चिमण अजून का आला नाही? औषध थुंकून टाकलं, पाण्याचा पेला भिरकावला. कुलूपवाला दुकानातून उठून आत आला, हात पुसले आणि तिच्या खाटेवर बसला.

"आलो गं, आई."

तिचा चेहरा असा काही खुलला की त्याला रडूच फुटलं. आपल्याकडे बघून ती अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, पिकल्या केसांतून बोटं फिरवत म्हणू लागली. नाव दुसऱ्याचं असेना का, मांडी तर आईची होती. तेवढ्यावर भागवावं म्हणून त्याने डोळे मिटले.

अंगाई मध्येच थांबली.

"चिमण? ए चिमण!" ती त्याच्या गालांवर चापट्या मारू लागली. "डोळे उघड रे! झोपू नकोस रे राजा!" तिने हंबरडा फोडला तशी बायको धावत आली. तो धडपडत उठला. तिचे दोन्ही हात त्याने घट्ट धरले.

"आई, बघ, जागा आहे मी! मी चिमण नाही गं, मी धाकटा!"

"धाकटा?" रिकाम्या मांडीकडे बघत ती म्हणाली. "धाकटा कुठला? मला एकच होतं हो. आत्ता गेलं."