थर्मासमधली भाडेकरू

मी धक्क्यावर पोचले तेव्हा डेल्फोर पाणबुड्याचा रबरी सूट घालूनच उभा होता. घरूनच चढवून आला होता, आणि तसाच गाडी चालवत. टोपी तेवढी काखेत धरलेली.

“उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग,” मी म्हटलं. “अरे, आधी वारा तरी पडू दे.”

“पडेल.”

“कुणी सांगितलं?”

“एबेने. आज नाही पडला तर उद्यापासून हा सूट भाच्याचा, असंही सांगितलंय.”

एबे त्याची बायको. ती उगाच धमक्या देणारी बाई नाही. दोन वर्षांपासून थंडीत डेल्फोरच्या बोटांतलं रक्त पळून जातं, बोटं खडूसारखी पांढरी पडतात. या हिवाळ्यात उजव्या तर्जनीला साधा ओरखडा आला, तो भरायला तीन महिने लागले. डॉक्टरने स्पष्ट बजावलं, गार पाण्याचा नाद सोडा, नाहीतर पुढच्या खेपेला मला बोट कापावं लागेल. त्यावर घरी बरीच भांडणं झाली आणि शेवटी तह झाला: एकच बुडी. तीही माझ्यासोबत, कारण मी हट्टी आहे आणि त्याला ओढून वर आणू शकते, असं एबेचं मत.

ही एक बुडी त्याला हवी होती ती आमच्या भाडेकरूसाठी.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात उलिसेसच्या हातून त्याचा स्टीलचा थर्मास समुद्रात पडला. उलिसेस होडीचा मालक. कानाचा पडदा फाटल्यापासून तो पाण्यात उतरत नाही, वर बसून आमच्यावर लक्ष ठेवतो आणि आम्हाला माते, म्हणजे इकडचा कडू चहा, पाजतो. त्या थर्मासासाठी तो सुतक असल्यासारखा फिरला होता. या मे महिन्यात, आमच्या दक्षिण गोलार्धातला हिवाळा तोंडावर असताना, डेल्फोरला तो सापडला, कड्याखालच्या खडकांत आडवा अडकलेला, झाकण गायब. आत मुठीएवढी ऑक्टोपस बाई बसली होती आणि तिने आतल्या भिंतीला अंड्यांचे घोस लावले होते. डेल्फोर वर येऊन म्हणाला, “उलिसेस, तुझ्या घरात भाडेकरू आलाय.” थर्मास वर आणायचा विषय तिथेच संपला.

मग हिवाळाभर आम्ही तिच्याकडे जात राहिलो. ती कधी बाहेर आली नाही, काही खाल्लं नाही, नुसती अंड्यांवर पाणी फुंकत बसायची. सप्टेंबरात टॉर्च मारला तर लांबट तांदळाएवढ्या प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. डोळे होते ते. पिल्लं आतून आमच्याकडेच बघत होती.

तेव्हापासून डेल्फोर आणि उलिसेस यांचा वाद पेटला, पिल्लू बाहेर येताना मुंडकं आधी की पाय आधी. डेल्फोर म्हणे पाय, आठ आठ पाय काय शोभेला दिलेत? उलिसेस म्हणे मुंडकं, सगळ्या जगाचं तसंच असतं. मी म्हटलं, कुठल्यातरी पुस्तकात असेल की. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पत्ते उघडे करून खेळायला सांगितलं होतं. डेल्फोरने या आखातात तीस वर्षं बुड्या मारल्या, देवमाशाच्या पोटाखालून गेला, सी-लायनच्या पिल्लांनी त्याच्या पायांतली पोहायची रबरी वल्ही चावून फाडली. पण ऑक्टोपस अंड्यातून निघताना त्याने कधी पाहिला नव्हता. ते एवढं पाहायचंच, मग सूट गेला तरी चालेल, असं तो म्हणायचा. आणि नेमका पंधरा दिवस पश्चिमेचा वारा सुटला होता.

आम्ही कड्याच्या आडोशाला नांगर टाकला. वारा होताच, पण त्याचा जोर ओसरत होता. वाट पाहायची म्हणजे माते आलीच. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात कडू पाला, वर गरम पाणी, एकच नळी. उलिसेस पाणी ओतणार, तुंबा एकाकडून दुसऱ्याकडे फिरणार, आणि ‘धन्यवाद’ म्हटलं की त्या माणसाला पुरे झालं असं समजायचं. मी माझ्या वेल्श पणजीच्या पद्धतीचा काळा केक आणला होता. दूर एक देवमाशीण पिल्लाला घेऊन फुसफुसत होती. वादाला रंग चढला होता. ‘धन्यवाद’ कुणीच म्हणेना.

अखेर वारा पडला. पाणी काचेसारखं झालं. मी टाकी पाठीवर घेतली, शिशाचा पट्टा आवळला. डेल्फोरने हातमोजे पुढे धरले.

“ओत.”

हा आमचा नेम. होडीवर दोन थर्मास असतात, एक मातेचा आणि एक हातमोज्यांचा. उतरण्याआधी मोज्यांत गरम पाणी ओतायचं, म्हणजे हात बराच वेळ ऊब धरतात. डेल्फोरच्या हातांना तर त्याशिवाय उतरणंच शक्य नव्हतं.

उलिसेसने मोज्यांचा थर्मास उचलला. तो इतक्या सहज वर आला की त्याचा चेहराच उतरला. त्याने तो उलटा केला. दोन थेंब पडले.

“पहिला संपल्यावर मी...” तो म्हणाला. “सवयीने झाकण उघडलं रे.”

“आणि आम्ही प्यायलो,” मी म्हटलं.

डेल्फोर हातातल्या मोज्यांकडे बघत होता. “सगळ्यात जास्त मीच प्यायलो,” तो म्हणाला.

“म्हणजे स्वतःचे हातमोजे प्यायलास तू.”

धक्क्यावर जाऊन पाणी तापवून यायचं, तर तोवर दुपारचा वारा सुटला असता. मी सांगून टाकलं, “मी एकटी जाते, बघते आणि तुला सगळं सांगते.”

“लुनेद, तीस वर्षं मी लोकांचं ऐकतोच आहे,” डेल्फोर म्हणाला. “मला बघायचंय.”

मला राग आला. त्याच्यावर, उलिसेसवर, स्वतःवर, एवढंसं तोंड आवरता न आलेल्या आम्हा तिघांवर. त्या रागात मी उलिसेसच्या हातातला तुंबा हिसकावला. आतला पाला ओला होता आणि चांगला कोमट होता.

“मोजे उघड.”

“काय करतेयस?”

“उघड म्हटलं ना.”

तुंबा खरवडून अर्धा अर्धा पाला मी दोन्ही मोज्यांत कोंबला. डेल्फोरने हात घातले आणि चेहरा वाकडा केला. “शेणात हात घातल्यासारखं वाटतंय.”

“ऊब आहे का?”

“आहे.”

“मी वर चल म्हटलं की वर यायचं. एक शब्द नाही.”

“खाली शब्द कसा काढणार, बाई?” असं म्हणून तो पाठीवर उलटा पाण्यात गेला.

गार पाणी आधी कपाळावर बसतं, कुणीतरी अंगठ्याने दाबल्यासारखं. मग सवय होते. आम्ही नांगराच्या दोराने उतरलो. डेल्फोरच्या मनगटातून पाल्याचे हिरवे कण सुटत होते आणि छोटे मासे ते चाखून थुंकून देत होते. खडकापाशी पोचल्यावर तो गुडघ्यांवर टेकला. मी टॉर्च थर्मासच्या तोंडाशी धरला.

आत पांढरी फोलपटं लोंबत होती. रिकामी.

त्या पंधरा दिवसांच्या वाऱ्याने खेळ आटोपला होता. डेल्फोर हलला नाही. मग त्याने माझं मनगट कोपराने ढकललं, बोटांनी धरता येत नव्हतं म्हणून, आणि उजेड डावीकडे वळवला. मागच्या भिंतीला एक घोस शिल्लक होता. त्याच्यापुढे ती बसली होती. रंग पार उडालेला, कातडी सैल, पण फुंकत होती. एक फुंकर, थांबणं, पुन्हा फुंकर.

एक अंडं थरथरलं. त्याच्या टोकाला फट पडली आणि त्यातून एक गोल पिशवी बाहेर आली, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी पाय, ओढत ओढत. बुटक्या दारातून माणूस पाठमोरा बाहेर पडतो तसं. बाहेर येताच ते तपकिरी झालं, मग पांढरं, मग पुन्हा तपकिरी, जणू कुठला रंग आपला हे ठरवत होतं. आईने फुंकर मारली आणि ते थर्मासच्या तोंडातून बाहेर भिरकावलं गेलं.

ते उतरलं डेल्फोरच्या मोज्यावर. तर्जनीवर, त्याच बोटावर.

त्याने हात डोळ्यांजवळ नेला. काचेमागे त्याचे डोळे मला दिसत होते. मी त्याला इतक्या वर्षांत असं बघताना पाहिलेलं नव्हतं. पिल्लाने एक पाय टाकला, मग दुसरा, आणि बोटभर चालत गेलं. डेल्फोरने माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बोटाकडे. मग हळूच मान हलवली, नाही. मला कळलं. बोट मेलेलं होतं. त्याला पिल्लू फक्त दिसत होतं, जाणवत नव्हतं.

त्याने दुसऱ्या हाताने माझ्या मोज्याकडे खूण केली. काढ.

मी काढला. पाण्याने हात चावला. मी माझं उघडं बोट त्याच्या बोटाला टेकवलं आणि आम्ही दोघं, पाठीवर टाकी असताना श्वास रोखू नये हा नियम मोडून, श्वास रोखून बसलो. पिल्लाने विचार केला. मग एक पाय माझ्यावर टाकला. मग सगळं माझ्याकडे आलं, नखापर्यंत चढलं, तिथे बसलं, आणि तिथून खडकावर उडी मारून दगडाच्या रंगाचं होऊन हरवलं.

मी वर चल अशी खूण केली. तो लगेच निघाला. मला वाटलं होतं मला ओढावं लागेल.

होडीवर उलिसेसने त्याचे मोजे उपटले, हिरव्या पाल्याने माखलेले पांढरे हात स्वतःच्या स्वेटरखाली पोटावर घेतले आणि शिव्या हासडत बसला, पण सोडले नाहीत.

“भाडेकरू कशी आहे?”

“घर रिकामं करतेय,” मी म्हटलं. पिल्लं निघाली की ऑक्टोपसची आई मरते, आता तिचे किती दिवस उरलेत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“आणि?”

“मुंडकं आधी,” डेल्फोर म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “तू जिंकलास.”

उलिसेसने स्वेटर त्याच्या हातांवर आणखी खाली ओढला.

“लुनेद,” डेल्फोर म्हणाला, “सांग.”

मला सांगता येईना. चिकट म्हणू? गार म्हणू? सगळं पाणीच गार होतं. शेवटी मी बोट समुद्रात बुडवलं आणि त्याच्या गालावर टेकवलं, जिथे त्याला कळतं तिथे. नखाच्या टोकाने, जेमतेम. एक ठिपका. थांबले. त्याच्या शेजारी दुसरा. मग घाईघाईने तीन-चार, आणि उचललं.

डेल्फोरने डोळे मिटले होते. हात अजून उलिसेसच्या पोटावर.

“परत,” तो म्हणाला.