नाझारेनोच्या तळघरातली माती

रोक्कापेल्वा गावात सगळी घरं कड्यावर एकमेकांना चिकटून उभी. त्यामुळे शेजारच्या विधुर नाझारेनोनं सलग नऊ दिवस धुण्याच्या टोपलीतून तळघरातली माती आणून अंजिराखाली ओतली, हे पाववाल्या एर्सिलियाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

तिनं सहज विचारल्यासारखं केलं. भिंतीला ओल आलीय, म्हणाला. इथल्या कडकडीत ऑगस्टात कसली ओल? कुठेतरी पाणी मुरत होतं खास. रविवारी तो चर्चमध्ये गेल्यावर तिनं काठीनं माती उकरली, तर काळ्या, चकचकीत खापराचा तुकडा निघाला. रोमच्याही आधी या कड्यावर नांदलेल्या एट्रस्कनांची भांडी अशीच असत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि असलं काही सापडलं की दाराला सरकारी कुलूप लागतं, हेही. चांभाराचं दुकान अकरा वर्षं तसंच बंद पडलं होतं.

म्हातारा गुपचूप माल विकतोय, हे तिनं मनाशी पक्कं केलं. पाव पोचवायच्या निमित्तानं ती थेट त्याच्या तळघरात उतरली.

दारूच्या पिंपांमागची भिंत फोडलेली होती. आत खडकात कोरलेलं जुनं थडगं, खोलीएवढं, त्यात मृतांना निजवायचे दगडाचे दोन पलंग. एक मोठा, दुसरा जेमतेम दोन हात लांब. त्यावर चिमुकल्या वाट्या, मण्यांची माळ, सगळं पुसून जागच्या जागी. नाझारेनो कुंचला घेऊन बसला होता.

"कितीचं विकलंत?" तिनं विचारलं.

"एक मणी हलवला नाही. लेकरू आहे गं ते."

तिला क्षणभर गलबलून आलं. पण मग लपवायचं कशाला? उद्याच कचेरीत कळवते, असं तिनं सांगून टाकलं.

तो कुंचला झटकत म्हणाला, "कळव की. पण त्या कोपऱ्यातनं एक बोळ पुढे गेलाय. तुझ्या भट्टीखालीच जात असणार."

कोपऱ्यात दगडांचा ढीग होता. मागे खरंच बोळ होता, की ढीग त्यानंच कालपरवा रचला होता? त्याच्या चेहऱ्यावरून थांग लागेना. चार दगड बाजूला केले असते तर कळलं असतं. ती पाव ठेवून वर आली.

कचेरीत ती गेली नाही. तो रोज सकाळी येतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात. फक्त दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं, की तो तोंड उघडायच्या आत ती पाव बांधून त्याच्या हातात देते.