ताईचा कलता दात

रुमालात ताईची कवळी – वरची, त्यानेच घडवलेली – आणि तिच्यातला डावीकडचा तो जरासा कलता दात खिडकीच्या उजेडात असा निवांत चमकत होता की जणू काही झालंच नाही... बसलाय मात्र झकास, असं त्याला वाटून गेलं, आणि असं वाटायची ही वेळ नव्हे, हेही. कारण समोरच्या स्टुलावर, मेणाच्या साच्यांना धक्का न लावता पण लावीन अशा बेताने, मोठी बहीण बसली होती.

"परत घे तुझी कवळी," ती तोंडावर हात धरून फुसफुसली. "गोष्टीत माझं नाव बदललंस, केस कुरळे केलेस, नवरा फौजदार केलास. आणि दात? दात माझेच ठेवलेस होय रे छोट्या?"

पन्नाशीतल्या छोट्याने रुमालाचं टोक सारखं केलं. चूक खरीच होती. सगळे दात सरळ बसवले की कवळी लगेच कवळी दिसते, म्हणून एखादा कलता ठेवायचा ही धंद्यातली रीत. ताईचा कुठला कलता होता हे त्याला विचारावं लागलं नव्हतं. चेहरे तो विसरे, दात नाही. त्यामुळे गोष्टीतल्या बाईचं सगळं बदलताना दात बदलायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही – आणि मासिकाने ती गोष्ट घेतली, बायकोने कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना पाठवली, आणि ज्यांच्या ज्यांच्या तोंडात त्याचं काम होतं त्या सगळ्यांनी ताईला ओळखलं.

"अजून छापली नाही ना? फोन कर. ती बाई काढा म्हणावं."

"ती काढली तर उरतं काय ताई? फौजदार?"

आत बायको फिसकन हसली. ताई हसली नाही. तिने कवळी उचलली, तोंडात बसवली – भांडण नीट करायचं तर दात हवेतच – आणि मग स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "एवढंसं पोर होतास. पाहुण्यांसमोर तुझी गोष्ट वाचून दाखवली, चार लोक हसले. ते अजून धरून बसलायस?"

म्हणजे भांडण दातांचं नव्हेच... गोष्टीतली बाईही तेच करते. पोराने लपवून लिहिलेलं पाहुण्यांपुढे आवाज काढून, हातवारे करून वाचते. तेव्हा ताईने त्याच्या गोष्टीतल्या राजकुमाराचा आवाज बाबांसारखा काढला होता, बाबांनी मांडीवर थाप मारली होती, आणि कुणीतरी म्हणालं होतं, लेखकराव आले! त्यानंतर छोट्याने लिहिलं ते फक्त दातांची मापं आणि रंगांचे क्रमांक; लोकांची तोंडं न्याहाळत, कोण खरं हसतो, कोण हसल्याचं नुसतं दाखवतो, याची नोंद मनातल्या मनात ठेवत... म्हणजे लिहीतच होतो की काय आपण, इतकी वर्षं?

"आणि तूही हसलास की तेव्हा," ताई म्हणाली. "सगळ्यांत मोठ्याने."

हसलो होतो. खरंच. पोट धरून हसलो होतो, ते अशासाठी की हा जो कुणी लेखकराव आहे तो मी नव्हे असं सगळ्यांना वाटावं... गोष्टीत हे नव्हतं. गोष्टीतलं पोर बिचारं नुसतं रडत होतं, आणि आत्ता त्याला ते रडणं तोंडात न बसलेल्या कवळीसारखं खोटं, हलणारं वाटलं.

"काढतोस ना मग?"

"नाही," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका साधा निघाला याचं त्याला नवल वाटलं. "बाई राहील. पोर बदलतो, तेही हसेल आता."

"म्हणजे मी वाईट ती वाईटच?"

"दोघंही."

"बोलणार नाही तुझ्याशी," ताई म्हणाली आणि बोलतच राहिली – आईला काय वाटलं असतं, भाचीच्या सासरचे काय म्हणतील, दात करणाऱ्याने दात करावेत – आणि तो मान खाली न घालता ऐकत होता. तिचा कुठला शब्द कुठे अडखळतो, रागावताना ती मध्येच बाबांसारखी कशी थांबते, हे सगळं हावऱ्यासारखा ऐकत होता, आणि मनात म्हणत होता, बोल ताई, आणखी बोल.