पूजेला मांडलेला ड्रमसेट

ठमाबाईला तो सेट कधी म्हणजे कधीच आवडला नव्हता. नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात झेंडूची तोड चाललेली असायची आणि तिचा धाकटा लेक समाधान कानाला हेडफोन लावून ओसरीवर पॅडं बडवत बसलेला असायचा. आवाज सगळा त्याच्या कानात. घरच्यांना ऐकू काय यायचं, तर रबरावर काडी आपटल्याची टपटप. "झालं का तवे बडवून?" असं विचारत ती डोक्यावरची पाटी त्याच्यासमोर मुद्दाम आदळायची. समाधान हसायचा. दुसरं करणार काय!

तव्यांची मात्र पुण्याई मोठी होती. सहा कोनांची पाच पॅडं आणि त्यांना वायरींनी जोडलेला एक काळा डबा, त्याला वाजवणारे 'डोकं' म्हणत. ऐंशीच्या दशकात जगभरच्या गाण्यांत जो 'ढ्यूंऽऽ' करत वरून खाली घसरणारा ठोका ऐकू यायचा, तो असल्याच डोक्यांतून निघालेला. ते मशीन ढोलाची नक्कल करत नव्हतं, त्याचा आवाज त्याचा स्वतःचा होता. पब्लिकनं त्याला डोक्यावर घेतलं. पुढं हुबेहूब ढोलकी आणि ताशा काढणारी नवी मशिनं आली, आणि त्याच पब्लिकनं याला माळ्यावर टाकलं. माणसांची जातच मेली तशी! मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा समाधाननं हा सेट तिथून उचलून एस.टी.च्या टपावर टाकून नाशिकला आणला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

दोन हजार एकच्या नवरात्रात गोष्ट गळ्याशी आली. समाधान ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, त्याच्या मालकानं, मनोजभाऊनं, पहिल्या माळेलाच सांगून टाकलं, "समाधान, सगळे आता ते नवं मशीन, ऑक्टोपॅड मागतात. दिनेशकडे नवाकोरा आहे. लग्नसराईला मला एकच माणूस परवडतो. नवमीचा दांडिया हुकमी झाला पाहिजे. त्या दिवशी बघतो, तू का तो."

समाधान जीव काढून वाजवत होता. आणि गंमत म्हणजे पोरं-पोरी त्या जुन्या 'ढ्यूं'वरच जास्त नाचत होती. ही बातमी मळ्यापर्यंत पोचली. शेजारची सुलाबाई बांधावरून ठमाबाईला म्हणाली, "तुमच्या समाधानच्या तालावर अख्खा गंगापूर रोड नाचतोय म्हणं. तुम्ही एकदा बी गेला न्हाईत?" ठमाबाई खाली वाकून झेंडू तोडत राहिली. पण ते तिच्या मनात बसलं.

नवमीला सकाळी समाधान मांडवात वायरी ओढायला गेला होता; सेट तो रोज रात्री घरी आणायचा, तो घरीच होता. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. ठमाबाईनं विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन ओसरीवर मांडली, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला टिळा लावला. मग जरा वेळ उभी राहिली. आत गेली आणि पाचही पॅडं नि तो काळा डबा उचलून आणून हत्यारांच्या रांगेत ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आपल्याच मळ्यातल्या झेंडूची माळ घातली. शेवटी नारळ वाढवला आणि दरसाल इंजिनावर ओतते तसं त्याचं पाणी सगळ्यांवर ओतलं. इंजिनाला त्या पाण्यानं कधी काही झालं नव्हतं. डब्याला मात्र वरून जाळी होती. सगळं उरकल्यावर तिनं पदरानं डबा पुसून लख्ख केला.

दुपारी समाधान आला नि पाहतच राहिला. कुऱ्हाडीशेजारी त्याचा सेट, गळ्यात माळ घालून!

"आई, हे तू केलंस?"

"मग कोन करनार? तुझं हत्यारच हाय ना ते? त्याच्यावर खातोस, मग त्याला पूजा नको?" ठमाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आज येनार हाय मी. सुलाबाईला पन सांगितलंय. पुढं बसव आमाला."

ती आत गेली तशी आनंदाच्या भरात त्यानं प्लग लावला नि बटण दाबलं. आईला एक ठोका ऐकवायचा होता. डब्यातून 'चट्' असा आवाज आला, जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि ओसरीवर जळक्या गोडसर वासाचा भपकारा पसरला. समाधानच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं जाळीला बोट लावलं. बोट चिकट झालं. त्याला सगळं कळून चुकलं.

"काय रं, कसला वास?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. वायर गरम झाली," तो म्हणाला.

डबा दोन पायांमध्ये धरून त्यानं स्कूटर नाशकात शालिमारला पिटाळली. तिथला केरूभाऊ टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा, या सेटची नस तो एकटाच ओळखून होता. त्यानं झाकण काढलं. आत कुंकवाचा लगदा, नारळाचं पाणी आणि मधोमध काळी पडलेली चिप.

"ओला होता तर चालू कशाला केलास?" केरूभाऊ वैतागला. "नुसता वाळवला असतास तर वाचला असता."

"मला माहीत नव्हतं हो. काहीतरी करा. आजचा दिवस चालू दे फक्त. उद्या जळून खाक झाला तरी चालेल."

"अरे, ही चिप बनायची बंद होऊन जमाना झाला. कुठनं आणू? एखादा असाच दुसरा सेट फोडला तरच. आहे का नाशकात दुसरा?"

नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी समाधाननं तिथूनच मनमाडच्या एका बँडवाल्याला फोन लावला, मग कळवणच्या एका जुन्या वाजवणाऱ्याला. मनमाडवाला म्हणाला, भंगारात घातला. कळवणवाल्याला सेट कुठला हेच आठवेना. समाधाननं रिसीव्हर ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसला. आईला सांगावं? सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल. आयुष्यात एकदा तिनं त्याच्या कामाला काम म्हटलं होतं, नि त्या एकदाचं हे असं व्हावं! त्याला देवीचाही राग आला, आईचाही आला, आणि सगळ्यात जास्त आला तो बटण दाबणाऱ्या स्वतःच्या बोटाचा.

सहा वाजता समाधान घरून पॅडं घेऊन मांडवात आला, तेव्हा मनोजभाऊनं सगळं ऐकून घेतलं. दिनेश बाजूलाच आपला ऑक्टोपॅड स्टँडवर चढवत होता.

"संपलं मग," मनोजभाऊ म्हणाला. "दिनेश वाजवेल. तू घरी जा."

"भाऊ, माझी पॅडं स्टेजवर राहू द्या. मी नुसता हात हलवतो. दिनेशला पडद्यामागं बसवा, आवाज त्याचाच."

"नाटक कशाला? काय मिळणार तुला?"

"आई येतेय."

मनोजभाऊनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "ठीक आहे. पण मग लग्नसराई दिनेशची. उद्या पुन्हा दारात येऊन रडायचं नाही. सेट दुरुस्त झाला तरी नाही."

समाधानला त्या घडीला भांडता आलं असतं. चार दिवसांची मुदत मागता आली असती, पाय धरता आले असते. तो म्हणाला, "चालेल."

ठमाबाई हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. शेजारी सुलाबाई. समाधान पॅडांमागं उभा राहिला. गाणं सुरू झालं आणि त्यानं काडी उचलली. काडी पडायची ती मुक्या रबरावर, ठोका घुमायचा पडद्यामागून. पहिल्या दोन ओळींत त्याचा हात चुकला, आवाज आधी गेला नि हात मागून आला. मग त्यानं दात खाऊन दिनेशचा ताल पकडला. दिनेश चांगला वाजवत होता, आणि हेच त्याला सोसवेना. खाली रिंगण फिरत होतं, टिपऱ्या वाजत होत्या. ठमाबाई सुलाबाईला कोपरानं ढोसून स्टेजकडं बोट दाखवत होती. तिला एवढं हसताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. खरं वाजवताना इतका घाम कधी आला नव्हता.

आरतीला गाणी थांबली तशी ठमाबाई स्टेजच्या मागं आली. दिनेश पडद्याआडून उठून चहाला निघाला होता. तिनं त्याला वाट करून दिली आणि समाधानला खुर्चीवर बसवून स्वतः समोर दुसरी ओढून बसली. त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि तोड करून आलेल्या बाईचे दाबावेत तसे ती त्याचे तळवे अंगठ्यानं दाबू लागली.

"किती वाजिवलंस रे," ती म्हणाली. "मला वाटायचं बसून खायचं काम हाय. एवढी मेहनत असती, कधी बोलला नाहीस."

त्यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिनं सोडले नाहीत.

"दुखतंय का?"

समाधाननं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं.

"लय दुखतंय, आई," तो म्हणाला.

"दुखनारच," ठमाबाई म्हणाली, आणि दुसरा हात दाबायला घेतला.