दोन फौजांची एक पातेली

मित्रांनो, संग्रहालयाच्या कोपऱ्यात पालथी पडलेली ही तांब्याची थोरली पातेली म्हणजे मीच. माझ्या पाटीवर लिहिले आहे, ‘शत्रूकडून जिंकलेली’. जिंकलेली म्हणे! मी काय तलवार घेऊन निघाले होते? मी दोन्ही देशांच्या फौजांना जेवू घातले आहे.

माझा जन्म पलीकडच्या देशातला. तिथल्या फौजेत साहेबाने सगळ्यांदेखत पहिला घास घ्यायचा, मग शिपायांनी. फार पूर्वी कल्हई उडालेल्या भांड्यातले कळकलेले अन्न खाऊन अख्खी तुकडी आडवी झाली होती. तेव्हापासून धोका आधी साहेबाने पत्करायचा. माझा आचारी तर वेळच्या वेळी कल्हई करून घेई. काय लखलखायचे मी!

एका लढाईत मी, आचारी आणि अठरा जखमी शिपाई इकडच्या फौजेच्या हाती लागलो. इकडची रीत नेमकी उलटी. एका जुन्या वेढ्यात साहेब जेवले आणि शिपाई उपाशी मेले, म्हणून इथला साहेब सगळ्यांत शेवटी जेवतो.

इकडच्या कॅप्टनने कैद्यांसाठी माझ्यात गरम रस्सा करवला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. कोणी शिवेना. दोन दिवस असेच गेले.

“बघ, स्वतः तोंड लावत नाही,” कैदी कुजबुजले. “विष आहे यात.”

आचाऱ्याला इकडची भाषा मोडकीतोडकी येई. त्याने कॅप्टनला गाठले. “साहेब, आमच्यात साहेब आधी खातो. एक घास घ्या.”

“आणि माझी माणसं मला हावरट म्हणतील त्याचं काय?”

“म्हणू द्या की! तो भिंतीला टेकलेला बघा. उद्याचा दिवस काढायचा नाही तो.”

कॅप्टनने भिंतीकडे पाहिले. मग डाव उचलून सगळ्यांदेखत रस्सा प्यायला. कान लालबुंद!

“काय साहेब, दम निघेना वाटतं?” त्याचा हवालदार हसला.

“नाही निघत बाबा. वाढ आता त्यांना.”

कैदी तुटून पडले. भिंतीला टेकलेल्याने तर दोनदा मागून घेतले. सगळ्यांचे झाल्यावर कॅप्टनने त्याच डावाने माझा तळ खरवडून उरलेसुरले खाल्ले. त्या दिवशी पहिला जेवला तोच आणि शेवटचाही तोच.

आता इथे पाहुण्यांना सांगतात, “तिकडचे साहेब हावरे, आधी जेवायचे.” अरे, का जेवायचे ते कधी विचारलेत का कोणाला? माझी कल्हईही कधीच उडाली, तेही कोणी पाहत नाही.

मित्रांनो, ती पाटी तेवढी बदलायला सांगा. मला एकदा कल्हई करा. फक्त तळाला डावाचा एक ओरखडा आहे, तो राहू द्या.