शिफ्ट धरलेला र

"अनिताताई बसल्या की मशीन बसतं," हे नथूभाऊंचं वाक्य सोमाटण्यात इतकं फिरलं, की शेवटी वडापाववाल्यानं तो विनोद मलाच सांगितला. अनिताताई म्हणजे माझी आई. पहिलं बसणं खुर्चीतलं, दुसरं कायमचं.

नथूभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. आईनं चाळिशीत मराठी टायपिंगचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं आणि महिनाभराच्या बोलीवर तिथं कामाला लागली. काम जमलं तर कायम, नाही तर जयभीम. तिकडं ‘शुभलेख’ नावाचा प्रोग्राम आहे. त्यात मजकूर टाइप करायचा, ‘सजावट’ हे बटण दाबायचं, की अक्षरांना सोनेरी कडा, वेलबुट्टी, सगळं लागतं. आईनं बटण दाबलं की प्रोग्राम गायब. दर वेळी नाही, पण दिवसातून एकदा तरी नक्की, आणि केलेलं काम घेऊन जायचा. नथूभाऊंचा पुतण्या निलेशदादा त्याच मशीनवर बसला तर काहीही होत नव्हतं.

"एकेकाच्या हाताला गुण आसतो," नथूभाऊ म्हणाले. "ताईंचा सैपाकाला आसंल."

आईनं हे घरी आम्हाला हसत सांगितलं. मग ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. पप्पा डेपोतून नुकतेच आले होते, ते म्हणाले, "दे सोडून." आई म्हणाली, "सोडायला मी धरलंय कुठं अजून? महिना तर होऊ दे."

आणि तेव्हा मी, तेजल, इयत्ता दहावी, उभी राहिले आणि म्हणाले, "मी बघते."

माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं, की सातवीपर्यंत मी हजेरीला इतक्या हळू ‘उपस्थित’ म्हणायचे, की बाईंनी मला एकदा आठवडाभर गैरहजर लावलं होतं. या वर्षी शाळेच्या कॉम्प्युटर क्लबची प्रमुख झाले आणि कुठलं तरी बटण दाबलं गेलं. आता मी बोलायची थांबत नाही. क्लबात आम्ही थोडेच, आणि त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला येतात, पण प्रमुख ती प्रमुख. त्यात सुट्टीभर व्हिडिओ बघून मी डीबगर शिकले होते. म्हणजे, शिकले असं मला वाटत होतं.

शनिवारी मी दुकानात गेले. नथूभाऊ काउंटरमागं कात्रीनं फ्लेक्सच्या कडा कापत होते.

"काय गं, शाळा न्हाई?"

"सुटली. भाऊ, तुमचं मशीन तपासायला आले."

"तू?" त्यांनी आईकडं बघितलं. आई स्क्रीनकडं बघत राहिली. "कर बाई. आदी चपला काढ."

मी समजावून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. प्रोग्राम मरतो त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे जे चाललं होतं त्याची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये ठेवता येते, तिला क्रॅश डंप म्हणतात. ती फाइल उघडून बघायचं हत्यार म्हणजे डीबगर.

"म्हंजी पोस्टमार्टम," नथूभाऊ म्हणाले.

"अगदी!"

"मग घाण वास यील. खिडकी उघड रं निलेश."

प्रोग्राम मेला की फाइल पडेल अशी सोय मी करून दिली आणि आम्ही वाट बघत बसलो. आईनं लोणावळ्याच्या एका मिसळवाल्याचा मजकूर घेतला. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: ‘आमच्या दुसऱ्या शाखेत येणाऱ्या सर्व पर्यटकांचे हार्दिक स्वागत.’ आईनं टाइप केलं, ‘सजावट’ दाबलं, प्रोग्राम गायब. मी टाळ्या वाजवल्या. दुकानात बाकी कुणीच वाजवल्या नाहीत.

फाइल उघडली. डीबगरनं ओळींची एक चळत दाखवली, कुणी कुणाला काम सांगितलं त्याची. सगळ्यात वरची ओळ विंडोजच्या फाइलची होती. मी तिथंच बोट ठेवलं आणि जाहीर केलं, "दोष विंडोजचा. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल."

निलेशदादानं रविवारची सुट्टी घालवून सगळं नव्यानं टाकलं. सोमवारी आईनं मजकूर घेतला, बटण दाबलं, प्रोग्राम गायब.

नंतर कळलं की चळतीत सगळ्यात वर असतो तो शेवटी जवळ उभा असलेला, गुन्हेगार असेलच असं नाही. म्हणजे घाटात गाडी खांबाला धडकली आणि मी जाऊन खांबावर गुन्हा नोंदवून आले. खरा दोषी दोन ओळी खाली होता, शुभलेखचाच एक तुकडा, अक्षरांना वेलबुट्टी लावणारा. पण तो मरत का होता? आणि फक्त आईच्या हातून का?

"प्रयोग करूया," मी मंगळवारी म्हणाले. माझा आवाज अजूनही कणखर होता. तो का होता, याचं मला आज नवल वाटतं. "तोच मजकूर मी टाइप करते."

चिठ्ठी समोर ठेवली, टाइप केलं, बटण दाबलं. अक्षरं सोन्यासारखी झळकली. पुन्हा केलं, झळकली. निलेशदादानं केलं, झळकली. मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि संशोधकाच्या थाटात निकाल दिला, "मशीन ठणठणीत आहे. प्रोग्रामही ठणठणीत आहे."

नथूभाऊंनी कात्री खाली ठेवली. "मग ऱ्हायलं कोन?"

दुकानात मशीन, प्रोग्राम आणि आई, एवढंच होतं. त्यातल्या दोघांना मी स्वतःच्या तोंडानं सोडलं होतं.

नथूभाऊ वाईट माणूस नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, राग मानू नका. तो मिसळवाला आईतवारी उद्घाटन करतोय. माज्याच्यानं न्हाई धोका पत्करवत. शुक्रवारपर्यंत बघू, मग तुमी मोकळ्या." आईनं मान हलवली आणि डबा पिशवीत ठेवला. घोरावाडीला घराशी रिक्षातून उतरल्यावर तिनं सुटे पैसे मोजून दिले. मग फक्त म्हणाली, "खुर्ची फिरवायची काय गरज होती गं?"

बुधवारी मी क्लबात कुणाशी बोलले नाही. पोरांनी मला बरं नाही असं समजून घरी पाठवलं.

घरी आमचा जुना लॅपटॉप आहे, चार्जर लावलेला असेल तरच चालणारा. दुकानातून पेनड्राइव्हवर आणलेली डंप फाइल त्यावर उघडली. या वेळी वरच्या ओळीकडं ढुंकूनही बघितलं नाही. वेलबुट्टीवाला तुकडा मेला तेव्हा त्याच्या हातात कुठला शब्द होता, ते शोधलं. डीबगर मेमरीतले आकडे दाखवतो आणि बाजूला त्यांची अक्षरं. पण बिचाऱ्याला मराठी येत नाही, त्यामुळं तिथं असलं काही दिसत होतं:

&.A.8.1.M./.>.

आकड्यांमध्ये एक सोडून एक ०९ होता. मराठीच्या सगळ्या अक्षरांना हा ०९ असतो, जणू भावकीचं आडनाव. आडनावं सोडून नुसती नावं जुळवली: द, उकार, स... शब्द होता ‘दुसऱ्या’! मेलेल्याच्या मुठीत चिठ्ठी सापडावी तसं मला झालं. खात्री करायला मी तोच शब्द स्वतः टाइप करून त्याचे आकडे बघितले:

&.A.8.0.M./.>.

सगळं तेच. फक्त एका जागी माझ्याकडं शून्य आणि आईच्या फाइलमध्ये एक.

शून्याचा एक! मी पलंगावर उभी राहिले. हे मी व्हिडिओत बघितलं होतं. मेमरीची चिप खराब झाली की असाच एखादा शून्य आपोआप उलटून एक होतो. म्हणजे रॅम खराब! आई निर्दोष!

"आई! रॅम खराब आहे! शून्याचा एक झालाय!"

आई मेथी निवडत होती. "कशाचा?"

"तुझ्या ‘दुसऱ्या’मधल्या र चा. बघ, र चा नंबर शून्यावर संपतो. तुझ्या फाइलमध्ये एकवर संपलाय. चिप बिघडली, दुसरं काय!"

आई लॅपटॉपपाशी आली. तिनं आकडे बघितले नाहीत, मी टाइप केलेला शब्द बघितला.

"हे काय लिहिलंस?"

"दुसऱ्या."

"हे ‘दुसर्या’ आहे. सूर्यामधला र्या. डोक्यावर रफार कशाला दिलास?"

"तेच ते."

"तेच ते कसं? सूर्या आणि दुसऱ्या एकसारखं म्हणतेस का तू? ‘दुसऱ्या’चा र वेगळा असतो. आम्हाला क्लासच्या बाईंनी पट्टीनं शिकवलाय. शिफ्ट धरून र दाबायचा." तिनं कीबोर्ड तिच्या पद्धतीचा करून घेतला, करंगळीनं शिफ्ट धरलं आणि शब्द टाइप केला. "बघ आता तुझे आकडे."

&.A.8.1.M./.>.

मी पलंगावरून खाली उतरले.

चिप काही बिघडलेली नव्हती. मराठीत दोन र आहेत, त्यांचे नंबर शेजारी शेजारी आहेत, आणि मी जन्मभर एकावरच भागवत आले होते. मी आणि निलेशदादा इंग्रजी अक्षरांवरून मराठी उठवतो, त्यामुळं आमच्या हातून दुसरा र कधी येतच नव्हता. वेलबुट्टी बनवणाऱ्यांनाही तो ठाऊक नसणार. त्यांच्या यादीत त्याला वेलच नव्हती. शिफ्ट धरलेला र आला की प्रोग्राम वेल शोधायला जायचा आणि तिकडंच मरायचा. माझा प्रयोग ठणठणीत निघाला, कारण माझं मराठी ठणठणीत नव्हतं.

"मराठीत किती पडलेत तुला?" आईनं विचारलं.

"मेथी देऊ का निवडून?" मी म्हणाले.

गुरुवारी आम्ही दोघी दुकानात गेलो. मी चपला आधी काढल्या. खुर्चीला हात लावला नाही.

"भाऊ, निलेशदादाला बसवा. आई सांगेल तसं दाबायचं."

आईनं सांगितलं, "निलेश, शिफ्ट धर. आता र. शिफ्ट सोड. पाय मोड, य, काना. आता सजावट."

प्रोग्राम गायब. निलेशदादाच्या हातून, पहिल्यांदाच. तो खुर्चीतून असा उठला जणू खुर्चीच चावली.

"काका, मी काय न्हाई केलं!"

"आता साध्या र नं करून बघ," आई म्हणाली. केलं. झळकलं. पुन्हा शिफ्टनं. गायब. नथूभाऊंनी स्वतः एका बोटानं शोधत शोधत करून बघितलं आणि गायब झाल्यावर लहान मुलासारखे हसले. "ह्याच्या मायला! आमी आपलं ताईंच्या हाताला नावं ठेवतोय!"

मग ते हसायचे थांबले. वळून दुकानाच्या दारावरच्या स्वतःच्याच बोर्डाकडं बघितलं. तिथं सोनेरी वेलबुट्टीत लिहिलं होतं: ‘येणार्या प्रत्येक ग्राहकाचे स्वागत.’

"ताई, हे..."

"चुकलंय, भाऊ."

"कदीपासून?"

"मी यायच्या आधीपासून."

"मग बोलला का न्हाई?"

"महिन्याच्या बोलीवर होते," आई म्हणाली.

नथूभाऊ डोकं खाजवत बसले. मिसळवाल्याचा फ्लेक्स तर द्यायचाच होता. निलेशदादा म्हणाला, चुकीचा र टाकू, कोण बघतंय. मीही, खरं सांगायचं तर, तेच म्हणणार होते. आईनं पेन घेतलं, चिठ्ठीवरच्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘आमची दुसरी शाखा! पर्यटकहो, स्वागत!’

"यात तो र येतच नाही. शब्दही कमी झाले. अक्षरं दुप्पट मोठी बसतील, हायवेवरून दिसतील."

नथूभाऊंनी ते मोठ्यानं वाचलं, फोनवर मिसळवाल्यालाही वाचून दाखवलं. फोनमधून "लय भारी" असं मलाही ऐकू आलं. फोन ठेवून ते म्हणाले, "शुक्रवारचं इसरा, ताई. हितनं पुढं छापायच्या आदी समदं तुमच्या नजरंखालनं जाईल. निलेशचं बी. माजं बी." मग माझ्याकडं बोट करून, "आन हिचं आदी."

उरलं होतं शुभलेखवाल्यांना कळवणं. ते मात्र मी एकटीनं केलं, क्लबप्रमुख या नात्यानं. डंप फाइल जोडली, चळतीतली बरोबर ओळ दाखवली आणि कृती लिहिली: अमुक शब्द टाइप करा, सजावट दाबा, प्रोग्राम बंद पडतो. चार दिवसांनी उत्तर आलं. नमस्कार मॅडम, आपण मेलमध्ये दिलेला शब्द कॉपी करून वारंवार तपासला, प्रोग्राम व्यवस्थित चालतो.

मॅडम म्हटल्याचा आनंद ओसरल्यावर मी माझा मेल पुन्हा वाचला. शब्द लिहिला होता: दुसर्या.

"आई," मी हाक मारली, हजेरीच्या जुन्या आवाजात, "जरा एक शब्द टाइप करून देतेस?"

आईनं हात पुसले, लॅपटॉपसमोर बसली आणि करंगळीनं शिफ्ट धरलं. दुपारी शुभलेखवाल्यांचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातली सगळी मशीनं बसली होती.